डिजिटल गिटार ॲम्प्लिफायर-प्रतिरूपांतील पूर्वनिर्धारित मांडणी : निकष व उपयोजन

गोषवारा

जुन्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचे गणिती प्रतिरूप संगणकावर किंवा एखाद्या डिजिटल उपकरणात उघडले असता त्याचे सर्व नॉब कोणत्या ना कोणत्या जागी आधीच ठेवलेले असतात. या आरंभस्थितीला पूर्वनिर्धारित मांडणी किंवा डिफॉल्ट असे म्हणतात. सर्व नॉब मधोमध ठेवणे ही तटस्थ मांडणी होय, असा समज रूढ आहे. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी केली असून नॉबचा विद्युत-वक्र, स्वरनियंत्रक मंडल, त्याचे मंडलातील स्थान, स्पीकर, श्रवणाची पातळी आणि ध्वनिप्रबलतेची समानता या घटकांच्या आधारे सुज्ञ मांडणीचे निकष सुचविले आहेत.

बीजसंज्ञा : ॲम्प्लिफायर-प्रतिरूप, डिफॉल्ट, स्वरनियंत्रक मंडल, विरूपण, समप्रबलता वक्र.

१. प्रस्तावना

विद्युत गिटारच्या ध्वनीत ॲम्प्लिफायरचा वाटा वाद्याइतकाच मोलाचा आहे. अमेरिकेत लिओ फेन्डर यांच्या कारखान्यातील बासमन व ट्विन रिव्हर्ब, इंग्लंडमध्ये जिम मार्शल यांचे जेटीएम ४५ व सुपर लीड आणि व्हॉक्स कंपनीचा एसी ३० या यंत्रांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लोकप्रिय संगीताचा नादच घडविला. ही यंत्रे जड, महाग आणि मोठ्या आवाजातच खुलणारी होती. म्हणून त्यांचे वर्तन संगणकीय गणिताने साकारण्याचा उद्योग सुरू झाला. रोलँड कंपनीचे व्हीजी ८ हे उपकरण १९९५ मध्ये, तर लाइन ६ कंपनीचे पॉड १९९८ मध्ये बाजारात आले. २००६ मध्ये फ्रॅक्टल ऑडिओचे ॲक्स-एफएक्स आले. २०११ मध्ये आलेल्या केम्पर प्रोफायलरने प्रत्यक्ष यंत्राचा ध्वनी मोजून त्याची प्रतिमा साठविण्याची पद्धत रूढ केली. त्यानंतरच्या काळात न्यूरल नेटवर्कवर आधारित प्रतिरूपे सामान्य वादकाच्या संगणकापर्यंत पोहोचली.

या प्रवासात प्रतिरूपाच्या अचूकतेची चर्चा पुष्कळ झाली. मात्र प्रतिरूप उघडताच त्याचे नॉब कोठे असावेत, हा प्रश्न किरकोळ मानला गेला. वास्तविक तो किरकोळ नाही. प्रत्यक्ष ॲम्प्लिफायरला डिफॉल्ट नसतोच. मागच्या वादकाने नॉब जेथे सोडले, तेथे ते राहतात. पूर्वनिर्धारित मांडणी ही संपूर्णपणे डिजिटल युगाची निर्मिती आहे आणि ती ठरविण्याची जबाबदारी निर्मात्यावर येऊन पडते.

२. प्रश्नाचे महत्त्व

माणसे आयती मिळालेली निवड सहसा बदलत नाहीत, हे वर्तनशास्त्रात सुपरिचित आहे. एरिक जॉन्सन व डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अवयवदानाविषयीची आकडेवारी मांडली. नकार न नोंदविल्यास संमती गृहीत धरणाऱ्या ऑस्ट्रियात संमतीचे प्रमाण ९९.९८ टक्के होते, तर संमती स्वतःहून नोंदवावी लागणाऱ्या जर्मनीत ते १२ टक्के होते. दोन शेजारी देशांतील इतक्या मोठ्या तफावतीमागे आरंभस्थितीचा वाटा मोठा होता.

संगीताच्या क्षेत्रातही असेच उदाहरण आहे. १९८३ मध्ये आलेल्या यामाहा डीएक्स ७ या सिंथेसायझरवर नवा ध्वनी घडविणे अत्यंत किचकट होते. परिणामी बहुसंख्य वादकांनी कारखान्याने भरून दिलेलेच ध्वनी वापरले आणि त्यातील इलेक्ट्रिक पियानो त्या दशकातील असंख्य गीतांमध्ये ऐकू आला. आरंभस्थिती ठरविणारा निर्माता अशा प्रकारे त्या काळाच्या संगीतरुचीत सहभागी होतो.

गिटारच्या बाबतीत यात नवशिक्याचे हित गुंतलेले आहे. पूर्वी वादकाकडे एकच ॲम्प्लिफायर असे आणि त्याचे गुणदोष ओळखण्यास त्याला वर्षे मिळत. आता एका उपकरणात शंभरावर प्रतिरूपे असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला काही सेकंदांचे श्रवण येते. तेवढ्यात ध्वनी कर्कश किंवा गढूळ लागला, तर अनुभवी वादक नॉब फिरवून पाहतो. नवशिका मात्र दोष प्रतिरूपाला, आपल्या गिटारला किंवा बहुधा आपल्याच हाताला देतो. सदोष आरंभस्थितीची किंमत तिची सर्वांत कमी जाण असलेल्या व्यक्तीला मोजावी लागते.

३. 'सर्व नॉब मधोमध' या नियमाची तपासणी

३.१ नॉबवरील आकडा व विद्युत-मूल्य

नॉब मधोमध असणे म्हणजे निम्मे मूल्य असणे नव्हे. ॲम्प्लिफायरच्या आवाजाच्या नॉबमागे बहुधा लघुगणकी वक्राचा परिवर्ती रोध असतो. अशा १ मेगओहमच्या रोधात निम्म्या फेऱ्यावर केवळ १० टक्के, म्हणजे १०० किलोओहम इतकाच भाग खालच्या बाजूस येतो. त्यामुळे संकेत एकदशांश होतो, म्हणजेच २० डेसिबलने घटतो. रेषीय रोध असता तर ही घट केवळ ६ डेसिबल झाली असती. दोन यंत्रांवरील '५' या एकाच आकड्यात अशा प्रकारे १४ डेसिबलचे अंतर पडू शकते. शिवाय आकड्यांच्या पट्ट्याही सारख्या नाहीत. फेन्डरच्या ट्वीड काळातील अनेक यंत्रांवर नॉब १२ पर्यंत जातो, इतरत्र १० पर्यंत.

यावरून एक नियम निघतो. प्रतिरूपात नॉबचा मूळ वक्र जपावा, म्हणजे प्रत्यक्ष यंत्र हाताळलेल्या वादकाचा अनुभव वाया जाणार नाही. परंतु आरंभस्थिती निवडताना आकड्याकडे न पाहता त्या आकड्यामुळे निर्माण होणाऱ्या ध्वनीकडे पाहावे.

३.२ स्वरनियंत्रक मंडलाचे वर्तन

बेस, मिडल व ट्रेबल हे तीन नॉब स्वतंत्र आहेत, असे पाहणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात ते रोध व कपॅसिटर यांच्या एकाच जाळ्यात गुंतलेले असतात आणि एक फिरविला की इतर दोहोंचा परिणाम बदलतो. फेन्डर बासमनच्या ५एफ६-ए या मंडलाचे गणिती विश्लेषण डेव्हिड ये व ज्युलियस स्मिथ यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात ही परस्परावलंबी रचना नेमक्या समीकरणांनी मांडली आहे. मार्शलचे आरंभीचे यंत्र बासमनवरूनच घडविलेले असल्याने ही रचना दोन्ही परंपरांत आढळते.

या जाळ्यात केवळ घट करण्याची क्षमता आहे, वाढ करण्याची नाही. तिन्ही नॉब मधोमध ठेवले असता काहीशे हर्ट्झच्या पट्ट्यात खोलगट दरी पडते. सपाट प्रतिसादाच्या जवळ जायचे असेल तर बेस व ट्रेबल जवळजवळ शून्यावर आणून मिडल पूर्ण वाढवावा लागतो. ट्विन रिव्हर्बमध्ये तिन्ही नॉब शून्यावर नेले तर संकेत थेट जमिनीला जाऊन आवाजच बंद होतो. तेव्हा या मंडलात 'मधोमध म्हणजे सपाट' हे समीकरण मुळातच लागू पडत नाही. संगीत-प्रणालीतील किंवा मिक्सरवरील स्वरनियंत्रकाचा अनुभव येथे दिशाभूल करतो.

व्हॉक्स एसी ३० च्या टॉप बूस्ट वाहिनीत मिडल नॉब नाही. तेथे बेस व ट्रेबल दोन्ही वाढविले की मधले स्वर आपोआप मागे पडतात. त्याच यंत्रावरील 'कट' हा नॉब तर उलट चालतो. तो उजवीकडे फिरविल्यास वरचे स्वर कमी होतात. या नॉबला ट्रेबलचे प्रतिरूप समजून कमाल स्थानी ठेवल्यास एसी ३० ची ओळख असलेली चमकच नाहीशी होते.

३.३ नियंत्रकाचे मंडलातील स्थान

स्वरनियंत्रक विरूपणाच्या आधी आहे की नंतर, हे अधिक महत्त्वाचे ठरते. विरूपणापूर्वी खालचे स्वर वाढविले तर तेच स्वर पुढील व्हॉल्व्हला आधी संपृक्त करतात आणि ध्वनी फुगीर व अस्पष्ट होतो. विरूपणानंतर तेच स्वर वाढविले तर ध्वनीला केवळ भरीवपणा येतो.

मेसा बूगीच्या मार्क मालिकेत स्वरनियंत्रक पहिल्या टप्प्यानंतर लगेच येतो आणि विरूपणाचे टप्पे त्याच्या पुढे असतात. म्हणून तेथे ट्रेबलचा नॉब प्रत्यक्षात विरूपणाचे प्रमाणही ठरवितो आणि तीव्र विरूपणासाठी बेस १ ते २ इतका कमी ठेवण्याचा प्रघात आहे. गमावलेला भरीवपणा पाच पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरने शेवटी परत मिळविला जातो. या प्रतिरूपाचे सर्व नॉब मधोमध ठेवून आणि इक्वलायझर बंद करून ते वादकापुढे ठेवणे म्हणजे स्वयंपाकातील सर्व जिन्नस समप्रमाणात घेऊन पदार्थाची चव पाहण्यासारखे आहे.

मार्शलच्या मास्टर व्हॉल्यूम नसलेल्या सुपर लीडमध्ये परिस्थिती वेगळी आहे. तेथे विरूपणाचा मोठा भाग स्वरनियंत्रकानंतरच्या शक्तिटप्प्यात घडतो. आवाज जसजसा वाढवावा तसतसा बेस कमी करावा लागतो. शिवाय तेजस्वी वाहिनीच्या आवाज-नॉबवर एक कपॅसिटर जोडलेला असतो. नॉब खाली असताना तो वरच्या स्वरांना वाट मोकळी करून देतो आणि नॉब कमाल स्थानी पोहोचताच निष्प्रभ होतो. 'सावधपणे' आवाज ३ वर ठेवलेले सुपर लीडचे प्रतिरूप त्यामुळेच टोचणारे वाटते. ८ वर ठेवलेले तेच प्रतिरूप गोलाईदार लागते.

४. ॲम्प्लिफायरबाहेरील घटक

४.१ स्पीकर व ध्वनिग्राहक

गिटारसाठी वापरल्या जाणाऱ्या १२ इंची स्पीकरचा प्रतिसाद साधारण ७५ ते ५,००० हर्ट्झ इतकाच असतो आणि त्यापुढे तो झपाट्याने घसरतो. विरूपणातून निर्माण होणारे उच्च संनादी स्वर त्यामुळे गाळले जातात. स्पीकरचे प्रतिरूप वगळून हाच संकेत हेडफोनवर ऐकल्यास मधमाश्यांच्या गुणगुणीसारखा भासतो. म्हणून ॲम्प्लिफायरचे प्रतिरूप उघडताच त्याला साजेसे स्पीकर-प्रतिरूप जोडलेले असणे ही पहिली अट होय. ट्विन रिव्हर्बला दोन स्पीकरांची उघड्या पाठीची पेटी आणि सुपर लीडला चार स्पीकरांची बंद पेटी, ही ऐतिहासिक जोडी पाळावी.

जवळ ठेवलेल्या ध्वनिग्राहकाने खालचे स्वर फुगतात आणि स्पीकरच्या मध्याशी तो ठेवल्यास वरचे स्वर तीक्ष्ण होतात. आरंभस्थितीत ध्वनिग्राहक मध्यापासून थोडा बाजूला असावा. प्रमाणित जुळणीतील गिटारची सर्वांत खालची तार ८२.४ हर्ट्झची असते. त्यामुळे सुमारे ७० ते ८० हर्ट्झखालील भाग गाळल्यास संगीताची हानी न होता घुमारा कमी होतो.

४.२ श्रवणाची पातळी

मानवी कानाची संवेदनशीलता ध्वनीच्या पातळीनुसार बदलते, हे हार्वे फ्लेचर व वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखविले. आयएसओ २२६ या प्रमाणकातील २००३ च्या वक्रांनुसार १,००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा स्वर आणि १०० हर्ट्झचा स्वर सारखेच प्रबळ वाटावेत, यासाठी दुसऱ्या स्वराला सुमारे २४ डेसिबल अधिक पातळी द्यावी लागते. पातळी वाढली की हा फरक बराच कमी होतो.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, सदनिकेत रात्री हळू आवाजात जुळविलेला ध्वनी रंगमंचावर बेसने भरून जातो. शांत खोलीत मोहक वाटणारी मधल्या स्वरांची दरी ढोल, बेस गिटार आणि गायन यांच्या सोबतीत गिटारला गिळून टाकते. डिफॉल्ट ठरविणाऱ्याने म्हणून मध्यम पातळी निश्चित करून त्याच पातळीवर सर्व प्रतिरूपे ऐकावीत आणि संशय आल्यास बेस किंचित कमी व मिडल किंचित अधिक ठेवावा.

४.३ प्रबलतेची समानता

दोन ध्वनींपैकी किंचित मोठा ध्वनी श्रोत्याला अधिक चांगला वाटतो. त्यामुळे प्रतिरूपांची पातळी असमान असल्यास वादकाची निवड गुणावर न होता पातळीवर होते. येथे सर्वोच्च शिखर सारखे ठेवून भागत नाही. स्वच्छ ध्वनीची शिखरे सरासरीपेक्षा खूप उंच असतात, तर विरूपित ध्वनी दाबला गेल्याने त्याची सरासरी शिखराच्या जवळ असते. शिखरे जुळविली तर विरूपित ध्वनी पुष्कळ मोठा ऐकू येतो. यासाठी २००६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आयटीयू-आर बीएस १७७० या शिफारशीतील प्रबलता-मापनाचा आधार घ्यावा आणि शेवटचा निर्णय कानाने करावा. ही समानता विरूपणाचा नॉब हलवून साधू नये. ध्वनीचा रंग न बदलणाऱ्या अंतिम पातळी-नियंत्रकाने ती साधावी.

५. सुचविलेली मांडणी

वरील विवेचनाच्या आधारे काही प्रातिनिधिक यंत्रांसाठी आरंभस्थिती सुचविता येते. हे आकडे मूळ वक्र जपलेल्या प्रतिरूपासाठी व १० च्या पट्टीवर असून ते अंतिम नियम नव्हेत, तर चाचणीचा आरंभबिंदू होत.

(अ) फेन्डर ट्विन रिव्हर्ब : आवाज ३ ते ४, ट्रेबल ५ ते ६, मिडल ६, बेस ३ ते ४, ब्राइट स्विच बंद. या यंत्राचे वैशिष्ट्य स्वच्छता हे आहे. ती विरूपणाविना प्रकट व्हावी.

(आ) व्हॉक्स एसी ३० टॉप बूस्ट : आवाज ५ ते ६, ट्रेबल ५ ते ६, बेस ४, कट मधोमध. हलक्या आघाताला स्वच्छ आणि जोरदार आघाताला किंचित विरूपित असा उंबरठा येथे साधावा.

(इ) मार्शल सुपर लीड : आवाज ७ ते ८, ट्रेबल ५, मिडल ७, बेस २ ते ३, प्रेझेन्स ३ ते ४.

(ई) मास्टर व्हॉल्यूम असलेले मार्शल जेसीएम ८०० : प्रीॲम्प ६ ते ७, मास्टर ४ ते ५, ट्रेबल ५, मिडल ६, बेस ४, प्रेझेन्स ४.

(उ) मेसा बूगी मार्क मालिका, विरूपित वाहिनी : ट्रेबल ७, मिडल ३ ते ४, बेस १ ते २, ग्राफिक इक्वलायझर चालू व त्यात मधली पट्टी मध्यम प्रमाणात खाली.

या मांडणीत एक सूत्र आहे. प्रत्येक यंत्र ज्या गुणासाठी ओळखले जाते, तो गुण पहिल्याच आघातात ऐकू यावा. इतिहासात एसी ३० अनेक तऱ्हांनी वाजविला गेला असला, तरी त्याचे नाव घेतल्यावर जो नाद जाणकारांच्या कानी उभा राहतो, त्याच्या आसपास आरंभस्थिती असावी.

रिव्हर्ब, विलंब आदी परिणाम आरंभी बंद ठेवावेत. ते दोष झाकतात व तुलना अशक्य करतात. व्हॉल्व्हचा बायस, वीजपुरवठ्याची लवचीकता यांसारखी खोलवरची मूल्ये मूळ आराखड्याप्रमाणे ठेवावीत. विरूपणात निर्माण होणारे अतिउच्च संनादी स्वर डिजिटल नमुनादरामुळे उलटून खाली येतात. ४८ किलोहर्ट्झ नमुनादरावर ५ किलोहर्ट्झच्या स्वराचा सातवा संनादी, म्हणजे ३५ किलोहर्ट्झ, हा १३ किलोहर्ट्झवर बेसूर स्वरूपात अवतरतो. हे टाळण्यासाठी नमुनादर आंतरिक पातळीवर वाढवावा लागतो. संगणकावर भार पडत असला तरी तीव्र विरूपणाच्या प्रतिरूपांत ही सोय आरंभापासून चालू असावी.

६. चाचणी व मर्यादा

आरंभस्थितीची पारख एका गिटारवर करू नये. एकवेटोळी पिकअपचा संकेत क्षीण व उजळ, तर हंबकरचा प्रबळ व जाड असतो. केवळ हंबकरवर ठरविलेली मांडणी एकवेटोळी गिटारवर किरटी वाटते आणि उलट स्थितीत ध्वनी अति-संपृक्त होतो. दोहोंवर 'उत्तम' ठरणारी मांडणी विरळाच. दोहोंवर 'स्वीकार्य' ठरणारी मांडणी मात्र शोधता येते आणि तीच निवडावी. उपकरणात येणारी संकेताची पातळी प्रतिरूपाच्या अपेक्षेशी जुळत नसेल, तर नॉबची कोणतीही मांडणी निरुपयोगी ठरते. म्हणून प्रवेश-पातळी जुळविण्याची सूचना वापरकर्त्यास प्रथम मिळणे अगत्याचे आहे. तसेच गिटारवरील आवाजाचा नॉब कमी केल्यावर ध्वनी निवळतो किंवा कसे, हेही तपासावे.

प्रतिमा साठविणाऱ्या पद्धतीत हा प्रश्न स्थानांतरित होतो. तेथे यंत्राची एकच स्थिती टिपली जात असल्याने, प्रतिमा घेणाऱ्याने त्या क्षणी ठेवलेले नॉब हेच पुढील सर्वांसाठी डिफॉल्ट बनतात. नंतर दिलेले स्वरनियंत्रक मूळ मंडलासारखे वागतीलच असे नाही. प्रतिमेसोबत नॉबांची स्थिती, स्पीकर व ध्वनिग्राहक यांची नोंद देण्याची शिस्त त्यामुळे आवश्यक ठरते.

एक आक्षेपही विचारात घ्यावा लागतो. सर्वांना एकच चांगली आरंभस्थिती दिली तर सर्वांचा ध्वनी एकसारखा होईल, अशी भीती व्यक्त करता येईल. डीएक्स ७ चे उदाहरण या भीतीला पुष्टी देते. परंतु तेथे एकसारखेपणाचे कारण ध्वनी चांगले होते हे नसून ते बदलणे दुर्घट होते, हे होय. गिटारच्या प्रतिरूपात नॉब समोर असतात. आरंभस्थिती अशी असावी की, तीतून प्रत्येक नॉबला दोन्ही दिशांनी फिरण्यास जागा राहील आणि फिरविल्याचा परिणाम लगेच ऐकू येईल. अशी मांडणी वादकाला शोध घेण्यास प्रवृत्त करते.

७. निष्कर्ष

१. 'सर्व नॉब मधोमध' ही मांडणी केवळ दृश्य तटस्थता देते, श्राव्य तटस्थता देत नाही.

२. आरंभस्थिती प्रत्येक मंडलाच्या रचनेनुसार, विशेषतः स्वरनियंत्रकाचे विरूपणाच्या संदर्भातील स्थान पाहून, स्वतंत्रपणे ठरवावी लागते.

३. साजेसे स्पीकर-प्रतिरूप, निश्चित श्रवणपातळी व समान प्रबलता यांवाचून कोणतीही तुलना न्याय्य होत नाही.

४. भिन्न गिटारांवर स्वीकार्य ठरणारी, यंत्राचा मूळ गुण प्रकट करणारी आणि पुढील बदलास वाव ठेवणारी मांडणी ही सुज्ञ मांडणी होय.

प्रतिरूपाची अचूकता प्रयोगशाळेत मोजली जाते. वादकाच्या कानापर्यंत ती पोहोचते की नाही, हे मात्र बहुतांशी आरंभीच्या काही नॉबांवर अवलंबून असते. यंत्राची ओळख नसलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या झंकारातच त्या यंत्राचा खरा स्वभाव ऐकू यावा, ही अपेक्षा माफक आहे आणि ती पूर्ण करणे निर्मात्याच्या हाती आहे.